धुळे–जळगाव, दोन तास

धुळे,
ता. १४ फेब्रुवारी १९५७

प्रिय वना,

तुझं कार्ड चार दिवसांपूर्वीच मिळालं. कामाचं निमित्त सांगत नाही, उत्तर लिहायचा धीर होत नव्हता. तुझ्या अपघातातल्या बैलगाडीवाल्या ठाकऱ्याला दवाखान्यात बघून आलो. पाय वाचला, पण वर्षभर त्याला बैलगाडी हाकता यायची नाही. "तुमनी मोटार इतली जोरमा उनी, मना बैल बिचकनात," एवढंच म्हणाला आणि मलाच चहा पाजायची खटपट करू लागला.

आठ वर्षं एस.टी.त ड्रायव्हर घडवतोय, पण तुझ्यासारखा शिष्य एकच. रस्त्यावर दिसेल ते मोठ्यानं बोलत गाडी चालवायची, ही माझी शिकवण बाकीच्यांना पोरखेळ वाटायची. तू मात्र "पुढे बैलगाडी शे, डावा बैल बुजरा शे" अशी पारोळ्यापर्यंत अखंड बडबड करायचास. तीस मैलांच्या मर्यादेवर तुझा काटा कधी गेला नाही. म्हणून तर रोज जळगावला उशिरा पोचायचास आणि मेमो खायचास. तिसऱ्या मेमोनंतर घरी बसवायची धमकी आली, तेव्हा कुठं तू काटा पंचेचाळीसवर नेलास. दुसरं काय करणार होतास?

इथं कँटीनमध्ये तावातावानं वाद चालतात. पंडित म्हणतो, शिकलेल्या हाताला मर्यादा कशाला. पुना म्हणतो, ती वीसवर आणा. वेळापत्रकाबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. मीही इतके दिवस गप्पच होतो.

तू लिहिलंस, मास्तर, चौकशीत माझ्यासाठी दोन शब्द बोला. काल बोललो. तुलाही कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं. हा मार्ग सुरू होण्याआधी चाचणीची गाडी मी नेली होती. रिकामी, कुठंही न थांबता, आणि शेजारी साहेब बसलेले म्हणून रस्ता मोकळा मिळेल तिथं ऐटीत पन्नासनं. पावणेदोन तास लागले. त्यात थांब्यांची पंधरा मिनिटं मिळवून दोन तास छापले गेले. तीसनं ते कुणालाच जमायचं नाही. वाटलं, हे ऐकून तुला सोडतील. त्यांनी शब्दन् शब्द उतरवून घेतला आणि निकालात घातलं, की वेगमर्यादा मोडायची सवय याला शिक्षकाकडूनच लागली. तुझं लायसन गेलं, वना. माझ्या बोलण्यानंच गेलं. मला नुसती समज दिली. सरकारी कागद सोमवारी येईल, त्याआधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून हे लिहितोय. उद्यापासून तुझ्या गाडीवर नव्या ड्रायव्हरला, निंबाला घातलंय. वेळ तीच, दोन तास. सकाळी तो शिकायला येईल, तेव्हा त्याला काय सांगू?

तुझाच,
झुलाल मास्तर