पट्टा एक भोक सैल

त्सुकुबा, जपान,
रविवार, २ नोव्हेंबर

नेत्राताई,

इकडे मी बरा, चिकू माझ्याहून बरा. तू पुण्याला गेल्यापासून तुझी साखरपुड्याची खरेदी जोरात असेल. पत्र बघून घाबरू नको. फोनवर सांगितलं असतं तर तू पहिल्याच वाक्याला ओरडली असतीस. आता ओरड, मला ऐकू येत नाही.

तुझे श्रीधरराव काल नागोयाहून आले. आज सकाळी म्हणाले, "चल आदित, चिकूला घेऊन डोंगर चढू." दोन वर्षं थंडीपावसात ह्या कुत्र्याला फिरवतो मी, आणि त्यांना बघून ह्याची शेपटी कमरेसकट हलते!

मग मी त्यांच्या सॅकमध्ये दगड भरले. जिथे थांबलो तिथे एक. तरी हा माणूस हसतोय, समोरून येणाऱ्या प्रत्येक आजोबाला 'कोन्निचिवा' करतोय. चिकूची शीसुद्धा त्यांनीच पिशवीत भरून सॅकला बांधली. डोंगरावर कचऱ्याचा डबा नाही, आपलं आपण खाली आणायचं, तुला माहितीये.

वर पोचलो तर चिकू त्यांच्या मांडीवर. माझ्या खिशात चिकनचे तुकडे होते, तरी!

आता मुद्द्याचं. उतरताना मी त्याचा पट्टा एक भोक सैल केला आणि दोरी त्यांच्या हातात दिली. म्हटलं, मान सोडवून धावत माझ्याकडे येईल. मग बघू कुत्रा कुणाचा ते.

सुटला. माझ्याकडे नाही, सरळ खाली झाडीत. तासभर पत्ता नाही. ओरडून ओरडून माझा आवाज बसला, ताई. तुझे श्रीधरराव ते दगड पाठीवर घेऊन घसरत खाली गेले, गुडघा फोडून घेतला आणि त्याला उचलून आणलं.

बसस्टॉपवर त्यांनी सॅक उघडली. सहा दगड ओळीने मांडले.

"वर काही टाकायचं नाही ना इथे? आणले खाली."

"कधी कळलं?"

"दुसऱ्याला."

मग चिकूच्या पट्ट्याखाली बोट घालून बघितलं. फक्त म्हणाले, "नेत्राला सांगू, माझ्या हातून सुटला."

तसंच सांगतील ते तुला. खोटं आहे. पट्टा मी सैल केला.

लग्नानंतर चिकू नागोयाला जाणार, हे तुमचं ठरलंय. त्यांच्या बिल्डिंगमध्ये कुत्रा चालतो का, तेही विचारून झालं. भाऊ चालतो का, कोणी विचारलं नाही.

न्या त्याला. आत्ता माझ्या पायावर झोपलाय. पट्टा परत नेहमीच्या भोकावर लावलाय, दोनदा बघितलं.

चिकूच्याही आधीपासून तुझा,
आदित