आप्पांची सळई

१२ जानेवारी

पाहुणे गेले. घर रिकामं झालं आणि आप्पांचं नसणं आता कुठे जाणवायला लागलं. बागेतल्या नळापाशी त्यांची गुडघ्याखाली घ्यायची गोणपाटाची घडी तशीच पडली आहे. उचलवत नाही.

आणि भिंगरीने हाच दिवस निवडला! चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, "आई, मी सैन्याची परीक्षा दिलीये. लेखी पास झाले. आता धावणं आणि डॉक्टरी तपासणी."

मला आधी वाटलं थट्टा करतेय.

"आप्पांना माहीत होतं," म्हणाली.

म्हणजे आजोबा-नातीचं सगळं ठरलेलं. आणि मी, सख्खी मुलगी आणि सख्खी आई, दोघांच्या मध्ये बसून भाजी निवडत होते!

१३ जानेवारी

दवाखान्यात एक्स-रे काढताना एका बाईंना "श्वास रोखा" म्हटलं आणि "सोडा" म्हणायचंच विसरले. बिचारी लाल झाली.

१७ जानेवारी

बिगुलकाकांचा फोन. आप्पांच्या पलटणीत बिगुल वाजवायचे, म्हणून लहानपणापासून आम्ही त्यांना हेच म्हणतो. पुढच्या रविवारी, २५ला, जुन्या सैनिकांच्या हॉलमध्ये आप्पांसाठी सभा आहे. "दोन शब्द तू बोलायचंस, पोरी."

बोलू काय? आप्पा लढाईबद्दल चकार शब्द काढत नसत. मला माहीत आहेत ते बागेतले आप्पा. कुठलाही वाफा खणायचा तर आधी गुडघ्यांवर बसून बारीक लोखंडी सळई मातीत घालायचे. सरळ नाही, तिरकी. हळूच. वीतभर सरकायचे, पुन्हा घालायचे. सगळा वाफा असा टोचून झाला की मगच कुदळ. शेजारच्या काकू कुंपणावरून विचारायच्या, "बटाटे शिजले का बघताय होय?" आप्पाही हसायचे. हात मात्र थांबायचा नाही.

आणि एकदा आईच्या हातून पातेलं पडलं, मोठ्ठा आवाज झाला, आणि आप्पा टेबलाखाली! मी पाच-सहा वर्षांची असेन. आई शांतपणे म्हणाली, "सुई पडलीय त्यांची. शोधतायत." मीही त्यांच्याबरोबर खाली बसून सुई शोधायला लागले. आप्पांच्या अंगाला घाम होता. ते माझ्याकडे बघतही नव्हते.

हे सांगू का सभेत?

भिंगरीचं तसं झालं तर? कुणाच्या तरी टेबलाखाली माझी भिंगरी?

२० जानेवारी

भांडण. भिंगरी धावण्याचा सराव करून आली होती, दारात बूट काढत होती. मला राहवलंच नाही.

"आप्पांनी भरीस घातलं ना तुला?"

"उलट आहे सगळं."

"उलट म्हणजे?"

"तुला सांगून उपयोग नाही. तू कुकरच्या शिट्टीलाही दचकतेस!"

आत जाऊन दार लावून घेतलं. खरं सांगायचं तर दाराच्या आवाजालाही दचकलेच मी.

२३ जानेवारी

बिगुलकाका आले. काठी टेकत थेट बागेत गेले. वाल वेलावर वाळलेत, टोमॅटोवर कीड पडलीय. मला लाज वाटली. म्हटलं, "काका, आप्पा असे तिरकी सळई घालत का बसायचे हो?"

"तुला सांगितलंच नाही त्याने?"

मग बाकावर बसून सांगितलं. लढाई संपली होती. सगळ्यांचं सामान बांधून झालं होतं. पण मागे हटताना त्यांच्याच पलटणीने एका गावाची शेतं सुरुंगांनी भरून ठेवली होती. गावकरी परत यायचे होते. साहेबांनी विचारलं, कोण थांबतंय काढायला? आप्पांचा हात वर.

"का?" मी विचारलं.

"मीही हेच विचारलं. म्हणाला, पेरले कुणी? आपणच ना?"

काका म्हणाले, "तुला वाटेल मोठा छातीचा गडी. छे! रोज सकाळी उलटी व्हायची त्याला. आम्ही तोंड फिरवून उभे राहायचो. तो चूळ भरायचा, सळई घ्यायचा आणि पुढे व्हायचा. पोटावर झोपून, वीत-वीत. आणि सळई तिरकीच, सरळ घातली तर सुरुंगाच्या डोक्यावरच दाब पडतो."

तेव्हा मी पाळण्यात होते! आई नेहमी सांगायची, लढाई लांबली म्हणून तुझे आप्पा उशिरा घरी आले. लढाई लांबली नव्हती. आप्पा थांबले होते. आपल्या मनाने. घरात तान्हं मूल असताना!

इतका राग आला की काकांना चहा विचारायचा राहिला.

जाताना ते फाटकाशी वळले. "शेवटी पहिला नांगर चालला ना, तेव्हा हा बांधावर पाठ करून उभा होता. बघवेना त्याला. नांगर पार शेवटच्या कडेपर्यंत गेला, काही झालं नाही. मग हा मटकन खाली बसला. शेतकऱ्याने विचारलं, तुला काय देऊ? तर म्हणाला, मूठभर बी द्या, वालाचं. आयुष्यात झाड लावलं नव्हतं गं त्याने तोवर."

२४ जानेवारी

राग गेलेला नाही. पण टोमॅटोवरची कीड हाताने वेचून काढली.

२५ जानेवारी

झालं एकदाचं भाषण. लिहून नेलेला कागद घामाने इतका भिजला की अक्षरच लागेना. समोर सगळे पांढऱ्या केसांचे, कडक इस्त्रीचे. पहिल्या रांगेत भिंगरी. तोंडातून निघून गेलं — "आप्पा फार भित्रे होते."

मला वाटलं, आता जमीन दुभंगावी! पण सुटलंच होतं तोंड, तर बोलत गेले. उलटीचं. सुईचं. सळईचं. ते थांबले म्हणून मला पहिलं वर्ष बाप नव्हता, हेही बोलले. आणि त्या गावात माझ्याएवढी पोरं होती, ती पुढे त्या शेतांतून बिनघोर धावली असतील, हेही. हे मला तिथे उभं असतानाच सुचलं. त्याआधी नाही.

खाली उतरले तर मागच्या रांगेतले एक अनोळखी आजोबा उठून आले. म्हणाले, "मीही टेबलाखाली जातो, बाई. अजून." आणि खिशात रुमाल शोधायला लागले. मीच माझा दिला.

२६ जानेवारी

भिंगरी आपणहून बोलली. आप्पांना तिने सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं होतं, "भीती वाटते?" ही तोऱ्यात म्हणाली, "अजिबात नाही." तर म्हणाले, "मग जाऊ नकोस." चार दिवस तिच्याशी धड बोलले नाहीत. पाचव्या दिवशी ही रडली. वाटते म्हणाली, खूप वाटते. त्यावर काय म्हणाले? काहीच नाही! हातात सळई दिली आणि म्हणाले, "चल, गाजराचा वाफा करायचाय."

"मला वाटलं होतं तू हसशील," ती म्हणाली.

हसले नाही. पण "जा" असंही माझ्या तोंडून निघालं नाही.

३० जानेवारी

धावण्यात पास झाली. परवा डॉक्टरी तपासणी. देवाजवळ मी काय मागतेय ते इथेही लिहवत नाही. आई आहे का कोण आहे मी!

१ फेब्रुवारी

नापास! डाव्या कानाने कमी ऐकू येतं म्हणाले. फेरतपासणी मागता येते, पण ती म्हणते, कान तो कान, बदलतो थोडाच.

मला इतकं हलकं वाटलं की बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले. बाहेर आले तर भिंगरी माझ्याकडे बघून म्हणाली, "सुटलीस ना तू?"

२ फेब्रुवारी

सुटलेच की. दोन घास जास्त जेवले. ती जेवलीच नाही.

दिवसभर एकच डोक्यात. लहानपणापासून इतकी वर्षं मी मागून हाक मारली तरी ही ऐकते. शेजारच्या खोलीतून कुजबुजलं तरी ऐकते. मग कान कसा काय? कुणाला बोलले नाही. बोलले नाही तर कुणाला कळणारही नाही.

४ फेब्रुवारी

आमच्याच दवाखान्यातल्या कानाच्या डॉक्टरांकडे मीच तिला हाताला धरून नेलं. मळ! नुसता मळाचा खडा! डॉक्टर हसून म्हणाले, "आता टाचणी पडली तरी ऐकू येईल."

बाहेर येताना भिंगरीने माझा हात सोडला नाही.

फेरतपासणी सोमवारी. मीही रजा टाकलीय. दोघींचा डबा करायचाय.