सारण पूर्ण गार झाल्यावर

११ नोव्हेंबर, मंगळवार

प्रिय बारक्या,

तुम्हा तिघांना आशीर्वाद. पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू ते न फोडताच ठेवून देशील, म्हणून तुझ्या बायकोच्या नावाने पाठवते आहे. तिने ते तुझ्या हातात दिलं म्हणून तिच्यावर डाफरू नकोस. ती बिचारी मध्ये सापडली आहे.

इकडे ठीक चाललं आहे. दुकानात कामाला तोटा नाही. चष्म्याच्या काचा घासून घासून माझीच नजर अधू झाली, आणि मालक म्हणतात, तुम्हाला फ्रेम फुकट देऊ, काच मात्र तुमची तुम्हीच घासा. बावीस वर्षं हा एकच विनोद ऐकते आहे. आमच्या इमारतीची लिफ्ट तीन आठवडे बंद आहे. वरच्या मजल्यावरचे मास्तर जिना चढताना प्रत्येक पायरीवर लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांच्या एकेका पिढीचा उद्धार करतात. माझा भाऊ त्याच धंद्यात आहे हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

आता मुद्द्यावर येते. तुझ्या बायकोचं पत्र आलं होतं. तुला न सांगता लिहिलंय तिने. चिमणीला आजीचे एग रोल हवेत. शाळेत कुणाच्या तरी डब्यात पाहिले आणि घरी येऊन हट्ट धरून बसली, तर तू ताटावरून उठून गेलास म्हणे. तिने लिहिलंय की मार्चपासून तुमच्या घरात अंडं फुटलेलं नाही. कुणी विचारलं तर तू म्हणतोस, माझ्या हाताने आई गेली. पत्राच्या शेवटी तिने दोन गोष्टी मागितल्या आहेत. एक, आईची रोलची कृती. दुसरी, मी एकदा तुला स्वतः सांगावं की यात तुझी चूक नव्हती. तिला वाटतं, मी सांगितलं तर तू ऐकशील.

कृती आधी लिहिते. ती सोपी आहे.

दोन वाट्या मैदा, एक अंडं, मीठ, आणि लागेल तसं पाणी. घट्ट मळून तासभर झाकून ठेव. आई त्याच्यावर ओलं फडकं टाकायची आणि वर तिचं ते जाडजूड पातेलं उपडं घालायची. सारणाला कोबी, गाजर, कांद्याची पात. कोबी इतका बारीक चिर की चिरणाऱ्याचा जीव जाईल. मीठ लावून अर्ध्या तासाने फडक्यात घालून पिळून काढ. तू लहानपणी हे पिळायचं काम मागून घ्यायचास आणि पाणी माझ्या फ्रॉकवर उडवायचास. मोठ्या आचेवर सगळं भराभर परतायचं, मिरपूड घालायची, तीन अंडी वेगळी परतून त्यात मोडायची. मग परातीत पसरून ठेवायचं.

आणि थांबायचं. बारक्या, इथेच सगळं आहे. सारण पूर्ण गार झाल्याशिवाय हात लावायचा नाही. गरम सारण भरलंस तर त्याची वाफ आत कोंडते, पोळी आतून भिजते, आणि कितीही तळलास तरी दहा मिनिटांत रोल मऊ पडतो. आई परातीच्या खाली हात लावून बघायची. परात गार लागली तरच लाटणं हातात घ्यायची.

पोळी कागदासारखी पातळ लाटायची. कडांना फेटलेलं अंडं लावून रोल घट्ट वळायचा, हवा राहू द्यायची नाही. दोनदा तळायचं. पहिल्यांदा मंद आचेवर पांढुरका, मग बाहेर काढून थोडा दम खाऊ द्यायचा, मग कडक तेलात सोनेरी. काढल्यावर आडवे टाकू नकोस, जाळीच्या भांड्यात उभे कर, म्हणजे तेल निथळतं. पहिला रोल आई तुझ्या कानाशी धरून मोडायची. कुरकुर तुला ऐकू आली, तू मान डोलावलीस, तरच आम्हा बाकीच्यांना मिळायचे. मला त्याचा फार राग यायचा. मी तुझ्याहून सात वर्षांनी मोठी, लाटून लाटून माझे खांदे भरून यायचे, आणि निकाल कोण देणार तर हा शेंबडा.

ही झाली कृती. दुसऱ्या गोष्टीचं उद्या लिहिते. आज हात दुखतोय.

बुधवार

हात दुखत नव्हता.

आज दुकानात रजा टाकली. सकाळचा चहा झाला, आईला सांभाळणाऱ्या बाई येतील म्हणून अजून दाराची कडी काढून ठेवते, तशी आजही काढली, मग परत लावली. आता टेबलाशी बसले आहे. लिहून झाल्याशिवाय उठणार नाही.

तो गुरुवार तुला आठवतोच. आईला अर्धांगाचा झटका येऊन आठ महिने झाले होते. गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं की हिला सगळं वाटून, गाळून द्यायचं, पाण्यातसुद्धा पूड घालून ते घट्ट करायचं. कडक काही घशात गेलं तर ते श्वासाच्या नळीत उतरेल. मी ते अक्षरशः पाळलं. आठ महिने आईने चमच्याने चिकट पाणी प्यायलं. तू म्हणायचास, ताई, हे काय जगणं आहे का, आणि मला वाटायचं, महिन्यातून एकदा येऊन बोलायला काय जातं.

त्या दिवशी मी दुकानातून आले तेव्हा तू स्वयंपाकघर पिठाने माखून ठेवलं होतंस आणि आईच्या तोंडात रोल होता. तू तो आधी तिच्या कानाशी मोडलास, हे मला तूच नंतर ओरडून सांगितलंस. मी पुढे काय केलं ते तू पाहिलंस. तिच्या तोंडात बोट घालून मी तो घास बाहेर ओढला. तिच्या हिरडीला माझं नख लागलं. मग मी तुला जे बोलले ते पुन्हा लिहीत नाही, तुझ्या लक्षात असेलच. तू चपला न घालताच जिना उतरलास.

आता जे तुला माहीत नाही ते लिहिते.

तो घास माझ्या तळहातावर होता. लगदा होता नुसता, बारक्या. तुझी नेहमीची घाई, गरमच सारण भरलं होतंस. कढईशेजारी उरलेले पाच रोल लोळत होते, ओल्या फडक्यासारखे. त्यातला एक मी चिमटून पाहिला, कसला आवाज नाही. आईने तो घास जिभेने चोळून चोळून मऊ केला होता आणि तिला ठसकासुद्धा लागला नव्हता. मी तिच्या छातीला कान लावून पाहिलं. रात्री ताप नाही, सकाळी नाही, शुक्रवारी, शनिवारी नाही. तुझ्या रोलने तिला काहीही झालं नव्हतं.

पण त्या दिवसापासून तिने माझ्या चमच्याला तोंड उघडणं बंद केलं. सांभाळणाऱ्या बाईंच्या हातून दोन घोट घ्यायची. मी समोर बसले की ओठ घट्ट मिटून भिंतीकडे बघायची. रविवारी मी चिडले, सोमवारी रडले, मंगळवारी पाया पडले. ती बोलू शकत नव्हती, पण तिला काय म्हणायचं होतं ते मला कळत होतं. आठ महिने तिचं अंग पुसणारी मी, आणि तिला हवा होता तो एका दुपारी येऊन स्वयंपाकघराची दैना करणारा तू. कानाशी रोल मोडून घेणारा तू. हे लिहायची मला लाज वाटते, पण ते खरं आहे.

बुधवारी मी अर्धा दिवस रजा घेतली. बाईंना मुद्दाम लवकर घरी पाठवलं. आणि रोल केले. काल लिहिलेली कृती आहे ना, अगदी तश्शी, एकही पायरी न चुकवता. परातीखाली हात लावून सारण गार झालंय का ते तीनदा पाहिलं. मला आईला खायला घालायचं होतं हे खरंच आहे. पण त्याहून जास्त मला दाखवायचं होतं की रोल असे करतात. तुझ्यासारखे मऊ नाहीत. आईचे म्हणावेत असे, मी केलेले.

आणि ते झाले, बारक्या. उभ्या जन्मात इतके कुरकुरीत झाले नव्हते.

मी तिच्या कानाशी मोडला. तिने माझ्याकडे पाहिलं. सहा दिवसांनी पाहिलं. चेहऱ्याची जी बाजू हलायची ती हलली आणि तिने तोंड उघडलं. मी तुकडा दिला. तिच्या दातांखाली तो वाजला. मग तिला खोकला आला, लांबलचक, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी पाठ चोळली, तोंड पुसलं. खोकला थांबला आणि तिने पुन्हा तोंड उघडलं. मला तेव्हाच थांबता आलं असतं. व्यायामवाल्या बाईंचा शब्द न् शब्द मला आठवत होता. पण ती माझ्याकडे बघून तोंड उघडत होती. मी तिला तो अख्खा रोल भरवला.

उरलेले मी वर्तमानपत्रात गुंडाळून खालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकले. कढई घासली. तळणाचा वास जावा म्हणून सगळ्या खिडक्या उघडल्या. बाई दुसऱ्या दिवशी आल्या तेव्हा घर लख्ख होतं. म्हणजे आपण काय केलं आहे हे मला त्याच दुपारी कळलं होतं. नाहीतर मी खिडक्या कशाला उघडल्या असत्या?

शुक्रवारी ताप चढला. शनिवारी दवाखान्यात नेलं. नळी घालून त्यांनी तिच्या श्वासनलिकेतून तळलेल्या पोळीचे कण काढले. डॉक्टरांनी विचारलं, कडक काही खायला दिलं होतं का? मामा माझ्या शेजारी उभे होते. मी म्हटलं, माझ्या भावाने दिलं होतं, मागच्या आठवड्यात.

त्यात एक शब्द खोटा नव्हता. डॉक्टरांनी लिहून घेतलं. मामा बाहेर गेले आणि त्यांनी आत्याला फोन लावला, आत्याने बाकीच्यांना. संध्याकाळपर्यंत सगळ्या नात्यात पसरलं होतं. मला काहीच करावं लागलं नाही, नुसतं गप्प बसावं लागलं.

आई गेली त्या दिवशी आत्या सगळ्यांसमोर तुला म्हणाली की तुझ्या हौसेपायी गेली ती. मी तिथेच, तुझ्यापासून दोन हातांवर होते. नंतर दवाखान्याच्या पायऱ्यांवर तू मला गाठलंस. सगळे पुढे गेले होते. तू लहानपणी पडून आल्यावर विचारायचास तसं विचारलंस.

"ताई, माझ्यामुळेच ना गं?"

मी म्हणाले, "झालं ते झालं. आता बोलून काय उपयोग."

तू मान हलवलीस आणि गेलास. मी तुला हाक मारली नाही. आठ महिने रोज मी ती हाक मारते आणि आवाज फुटत नाही. सुरुवातीला वाटलं, तू शांत झालास की सांगू. मग वाटलं, तू विसरशील. मग वाटलं, तू तसाही माझ्याशी बोलत नाहीस, मला वेगळं काय गमवायचं आहे. तुझ्या बायकोचं पत्र वाचेपर्यंत मला खरंच वाटत होतं की हे ओझं मीच एकटी वाहते आहे. तुझ्या घरात अंडं फुटत नाही हे मला माहीत नव्हतं. किंवा माहीत करून घ्यायचं नव्हतं.

मागच्या रविवारी मी मामांकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "आता हे कशाला उकरतेस? त्याने ते पचवलंय. म्हातारपणी तुझ्याकडे बघणारं कुणी उरणार नाही." मी म्हटलं, न उरो. आत्याने फोनवर निम्मं ऐकून फोन ठेवला. पुन्हा उचलला नाही. बाकीच्या चार घरांना मी पत्रं लिहिली, ती काल टाकली. तुला सगळ्यात शेवटी लिहिते आहे, कारण हे तुला आधी कळलं असतं तर तू मला अडवलं असतंस. म्हणाला असतास, जाऊ दे ताई, आपल्यातच राहू दे. तुझा स्वभाव मला माहीत आहे, आणि त्याच स्वभावावर मी आठ महिने काढले.

हे सांगून मला हलकं वाटेल अशी आशा होती. तसं काही झालेलं नाही. आई मी मारली, आणि मग तुला जिवंतपणी मारलं, आणि यातलं पहिलं कशानेच भरून येणार नाही. दुसरं येईल की नाही, मला माहीत नाही. मला माफ कर असं लिहिणार नाही. भेटायला येऊ नकोस. तू आलास तर मला दार उघडायचं धैर्य होणार नाही.

चिमणीला रोल करून घाल. सारण गार झालं नाही तरी चालेल, मऊ पडले तरी चालतील. लहान मुलं मऊ रोलही खातात. आईनेसुद्धा खाल्ला होता, आणि तिला काही झालं नव्हतं. हे वाक्य पुन्हा वाच. कापून खिशात ठेव. कुणी काही म्हटलं तर माझी सही दाखव.

तुझ्या हातून काहीही झालेलं नाही.

जिच्या हातून झालं, ती

तुझी ताई