माझी गोष्ट तू घरी ऐकली नाहीस

आई, घरी आई आणि शाळेत बाई, असं तू मला पहिल्याच दिवशी बजावलं होतंस. घरी 'तू', वर्गात 'तुम्ही'. माझी जीभ कधी चुकली नाही, पण तुझंच काहीतरी उलटं झालं असं मला अजून वाटतं. शाळेत तू सगळ्या पोरींची आई झालीस, आणि घरी आलीस की माझी बाई. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, मी स्वतः सासू झाले, तरी माझं पोटात दुखायचं थांबत नाही. आज मोकळं बोलते.

नववीत तू आम्हाला स्वतः रचलेली गोष्ट लिहून आणायला सांगितलीस. "लगेच लिहायला बसू नका," बेंबळीच्या शाळेतल्या त्या पत्र्याच्या वर्गात तू म्हणालीस. "भाकरी थापायच्या आधी पीठ मळावं लागतं, तशी गोष्ट आधी मनात मळा. कुणाला काय पाहिजे, अन् ते त्याला का मिळंना, एवढं मला तोंडी सांगा." मी नवरात्रात तुळजापूरला हरवलेल्या पोरीची गोष्ट सांगितली. शेवटी तिला तिची आई सापडते. तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "ही कुठंतरी ऐकलेली हाय. तुझी स्वतःची आण." पोरी फिदीफिदी हसल्या. देवीशपथ सांगते, ती मी कुठंही ऐकली नव्हती. डोकं खाजवून खाजवून मीच रचली होती.

आणि ती? माझ्याच वर्गातली, ईट गावची, इथं मावशीकडं राहून शिकणारी. तिला तोंडी काही सांगताच येईना, नुसती वेणीचं टोक चावत उभी. तिला मात्र तू बोलली नाहीस. "शनिवारी शाळा सुटली की घरी ये," म्हणालीस. आली की लगेच! तू चुलीपुढं भाकरी थापतेयस, ती तुझ्याशेजारी पाटावर बसलीय, आणि मला तू लांब उंबऱ्याशी कोथिंबीर निवडायला बसवलंयस. तव्यावरची पहिली टम्म फुगलेली भाकरी तू तिच्या ताटलीत टाकतेस, वर शेंगाची चटणी आणि तेल. "हं, मग?" म्हणतेस. ती एक वाक्य बोलते. "मग गं?" ती आणखी एक बोलते. अशी भाकरी थापता थापता तू तिची अख्खी गोष्ट तिच्याकडून काढून घेतलीस.

गोष्ट तरी काय, तर मावशीच्या घरी राहणाऱ्या एका पोरीला एकदा तरी गरम भाकरी खायची असते आणि तिच्या वाट्याला रोज सकाळची गारच येते. झालं! तू ती वर्गात वाचून दाखवलीस आणि वाचता वाचता डोळ्याला पदर लावलास. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड. अगं, त्या शनिवारी आपल्या घरात गार भाकरी कुणी खाल्ली? मी!

त्याच आठवड्यात मी दुसरी गोष्ट रचली. सगळ्या गावाची आई असलेल्या बाईच्या पोरीची. चांगली होती, आजही म्हणते. तू भांडी घासत होतीस, मी कागद घेऊन मागं उभी राहिले. "आई, ऐक ना, वाचून दाखवते." तू वळलीसुद्धा नाहीस. "शाळेत दाखव. घरी ऐकली तर उद्या गाव म्हणंल, बाईनंच पोरीला लिहून दिली." गाव म्हणालं असतं, व्हय, गावाचं तोंड कोण धरणार? पण मला वर्गात पहिला नंबर नको होता गं. तू हात पुसून एकदा 'मग?' म्हणायला पाहिजे होतंस. मी कागद चुलीत घातला आणि त्यानंतर एक ओळ रचली नाही. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते खरंय.

मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. ती आता लिहिते, दिवाळी अंकात तिचं नाव येतं. मी अंक विकत आणून वाचते आणि नावं ठेवते. "बाईंवर लिहायला घेतलंय," म्हणाली. "शाळेतल्या बाई मला माहीत हायत. घरी कशा होत्या गं?" आणि काय झालं कुणास ठाऊक, मी बोलतच सुटले. म्हटलं, घरी तर माझे लई लाड करायची. रोज संध्याकाळी चुलीपुढं मला जवळ घेऊन बसायची, आज काय रचलंस म्हणून विचारायची. माझं सांगून होईपर्यंत तव्यावरची भाकरी करपायची, बाबा ओरडायचे, पण गोष्ट संपल्याशिवाय ती काही ऐकायची नाही. हे सगळं न अडखळता!  पलीकडं तिनं नाक ओढलं. "मला तवाच वाटायचं," ती म्हणाली, "ह्या पोरीला हे रोज मिळत असणार. लई जळायचे गं मी तुझ्यावर."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! भाजी चिरताना गाणं म्हणत होते. ती ते सगळं लिहिणार, ते छापून येणार, लोक तुला तशीच समजणार, आणि मी तिला खरं सांगणार नाही. हे पत्र कुठं जाणार नाही, म्हणून तुला एवढंच कबूल करते की तो आनंद दुपारपर्यंतच टिकला. तिच्यावर मी आता जळत नाही. मी फोनवर सांगितलेली ती पोरगी आहे ना, तुझ्याजवळ बसलेली, तिच्यावर जळतेय.