पावणेसहाचं बटण

बदलापूर पूर्व,
संक्रांतीचा दुसरा दिवस

आदरणीय हिंदुरावदादांना किसनचा, डोकं नीट पुसून कोरडं करून (ते ओलं का होतं ते पुढे येईलच), वाकून नमस्कार.

वांगणीला सगळे बरे असाल. वहिनींचा खोकला गेला का? म्हैस व्यायली का, आणि वालाला यंदा शेंगा किती धरल्यात? इकडे आम्ही दोघं ठीक. खरं तर फोनच केला असता, पण तुम्ही फोन तांदळाच्या कणगीत ठेवता, आणि मी फोनवर बोलायला लागलो की तुमची बहीण मालिनी शेजारी बसून भाजी निवडायला घेते. म्हणून पत्र.

बातमी अशी की आम्ही अंदमानला निघालो आहोत. सात दिवस, सहा रात्री. तीन दिवस समुद्र, तीन दिवस जंगल आणि मधला एक दिवस कपडे वाळवायला. मालिनीचे दोन्ही गुडघे मार्चमध्ये बदलायचे ठरलेत, हे तुम्हाला ठाऊक आहेच. डॉक्टर म्हणाले, नंतर चालाल छान, पण होडीतून वाळूत उतरणं आणि जंगलात दगडांवरून चढणं विसरा. तेव्हापासून तिने एकच धरून ठेवलं आहे, की गुडघे स्वतःचे आहेत तोवर समुद्र आणि जंगल दोन्ही बघायचं. समुद्र तिने आजवर पाहिला तो चौपाटीवरून, भेळ खाताना. नऊ फेब्रुवारीची तिकिटं आली आहेत. या खेपेला जायचं म्हणजे जायचंच, असं मी पक्कं ठरवलं आहे.

तुम्ही हसाल. याआधीच्या तीन सहली माझ्यामुळे मोडल्या, हे मी लेखी कबूल करतो. दापोलीला निघालो तर पनवेलला पोचल्यावर लक्षात आलं की पंपाच्या खोलीची चावी माझ्याच खिशात आहे. (मालिनीचं म्हणणं, मी ती मुद्दाम आणली होती. मुद्दाम नव्हती आणली, फक्त घरी ठेवली नव्हती.) तारकर्लीच्या वेळी ए विंगच्या महेशला मी चौदा पानांच्या सूचना लिहून दिल्या. त्याने दुसऱ्या पानावर जांभई दिली, तिथेच माणूस कळला. तिसऱ्या वेळी तर बॅगासुद्धा भरल्या होत्या, पण त्या आठवड्यात पाणी कमी दाबाने येणार अशी कुणकुण होती. अशा वेळी छप्पन्न बिऱ्हाडांना वाऱ्यावर सोडून मी गोव्यात पाय पसरून बसायचं?

पंपाचं तुम्हाला थोडं समजावून सांगतो. आमच्याकडे पाणी पहाटे खालच्या टाकीत येतं. ते गच्चीवरच्या टाकीत चढवायला बरोबर पावणेसहाला पंपाचं बटण दाबायला लागतं आणि सहा वर्षं ते मी दाबतो. तुम्ही म्हणाल, बटण काय, कोणीही दाबेल. सगळे हेच म्हणतात. पण अंबरनाथच्या कारखान्यात तेहतीस वर्षं बॉयलरपाशी काढलेला माणूस सांगतोय, यंत्राला हात ओळखू येतो. दोन वर्षांपूर्वी मी हर्नियासाठी आठ दिवस दवाखान्यात होतो, तेव्हा पहिले दोन दिवस सोसायटीत थेंब नव्हता. पुढचे दिवस कसे काढले ते कोणी धड सांगत नाही, भागवलं कसंबसं म्हणतात. मी परत आलो तोवर उल्हासनगर कॅम्प एकचा हरेश मोटरवाला येऊन काहीतरी साफसफाई करून गेला होता आणि त्याच संध्याकाळी पुन्हा येऊन बटणाशेजारी एक लाल दिवा बसवून गेला. बटण दाबलं की दिवा लागतो. फार उपयोगी वस्तू आहे. तेव्हापासून मोटर एकदाही रुसली नाही, टाकी एकदाही वाहून गेली नाही. जिन्यात माणसं मला बघून हसतात, थँक्यू काका म्हणतात. सोसायटीत एवढी जाण असलेली माणसं हल्ली मिळत नाहीत.

असो, तयारीकडे वळतो. अंदमानला तोंडात नळी धरून पाण्याखालचे मासे बघायचे असतात. हरेशच्या दुकानात मोटरींच्या मागे जगातली कुठलीही वस्तू सापडते, तशी नळी आणि चष्माही सापडला. मी त्याला पंपाची काळजी बोलून दाखवली तर म्हणाला, "साईं, आप आराम से जाओ. पंप का टेंशन मत लो, पंप को कुछ नहीं होनेवाला." गेली दोन वर्षं तो पंप कोणाच्या हातावर चालतोय याची त्याला कल्पनाच नसावी. मला त्याचा हा बेफिकीरपणा आवडला नाही.

सराव मी न्हाणीघरातल्या पिंपात सुरू केला. मासे म्हणून मालिनीने तळाशी दोन चमचे टाकले. पहाटे पाचला पिंपात डोकं घालायचं, चमचे बघायचे, बाहेर यायचं. परवा मात्र मला श्वास जमला आणि त्या आनंदात वेळेचं भान सुटलं. डोकं वर काढलं तर पाच एक्कावन्न. तसाच ओला, डोळ्यांवर चष्मा, कपाळाशी नळी, असा धावलो. दुसऱ्या मजल्यावरची प्रगती कामावर निघाली होती, ती टिफिन जिन्यातच सोडून वर पळाली. (सोसायटीच्या ग्रुपवर त्यानंतर जे काही आलं ते इथे लिहीत नाही.) खाली पोचलो तर पंप आधीच घुमत होता! म्हणजे महेशने दाबलं असणार. त्याला विचारलं तर त्याने बायकोकडे पाहिलं, छताकडे पाहिलं आणि असेल काका, म्हणाला. चौदा पानं अगदीच वाया गेली नाहीत म्हणायची.

जंगलाचा सराव बारवी धरणाच्या बाजूला केला. आमच्या गेटवर रानभाजी विकायला ठमाबाई येते, तिच्याच पाड्यामागच्या डोंगरावर ती आम्हाला घेऊन गेली. माझ्याकडे दोरी, शिट्टी, डासांचं तेल आणि नकाशा. मालिनीकडे एक काठी. ठमाबाईकडे काहीच नाही, आणि सगळ्यांत पुढे तीच. अर्ध्या वाटेवर ती मालिनीला म्हणाली, "बाय बरी चालते. बाबाचा पाय मातर घराकडं वळतो." मी न ऐकल्यासारखं केलं. वर पोचल्यावर मालिनी एका खडकावर बसली, दोन्ही हातांनी गुडघे दाबत समोरचं रान बघत राहिली. तिचा इतका मोकळा चेहरा मी लग्नानंतर दोन-तीनदाच पाहिला असेल. आणि मी त्या वेळी काय करत होतो, तर घड्याळ बघत होतो. मला माझीच लाज वाटली, दादा.

उतरताना तिने माझा हात धरला आणि शांतपणे सांगितलं, "आलात तर दोघं जाऊ. नाही आलात तर मी एकटी जाईन. माझं तिकीट माझ्या नावाचं आहे." चौतीस वर्षांच्या संसारात ती ओरडली असती तर मी ओरडून उत्तर दिलं असतं. ती ओरडली नाही, म्हणून मी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं. तेव्हा आता माझा निश्चय झाला आहे. पंप राहो की जळो, मी जाणार.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, म्हशीची खबर कळवावी.

आपला,
किसन

ता. क. : पंप जळो असं वर रागात लिहिलं, ते मनावर घेऊ नये. आता शेतात तुम्हाला फारसं काम नाही, शेंगा वहिनी तोडतील. तर आठ फेब्रुवारीपासून आठ दिवस आमच्याकडे येऊन राहाल का? बटण तेवढं पावणेसहाला दाबायचं. तुमचा हात नांगरावरचा आहे, पंप ओळखेल. तुम्ही नाही म्हणालात तर माझं जाणं कठीण आहे, पण हे मालिनीला कळू देऊ नका.

ता. क. २ : घरातला डिंक वाळून दगड झालाय. पाकीट चिकटवायला मालिनीकडे देतो. दुसऱ्याचं पत्र ती कधी वाचत नाही, हा तिचा मोठा गुण आहे.

दादा, मी मालिनी. भाताची खळ लावता लावता सगळं वाचलं.

हे दवाखान्यात होते तेव्हा तिसऱ्या दिवशी सोसायटीने हरेशकडून पंपाला यंत्र बसवून घेतलं. पावणेसहाला तो आपोआप सुरू होतो, टाकी भरली की आपोआप बंद होतो. हे पोटाच्या टाक्यांवर हात धरून रिक्षातून उतरले ते घरात न येता आधी पंपाच्या खोलीकडे वळले, आणि त्यांना खरं सांगायला कोणी धजेना. रिटायर झाल्यावर सहा महिने हे खिडकीत नुसते बसून असायचे, ते तुम्हीही पाहिलंय. मग हरेशनेच त्या बटणाला दिवा जोडून दिला. बटणाने दिवा लागतो, दुसरं काही होत नाही. छप्पन्न घरांनी दोन वर्षं हे पोटात ठेवलंय. तुम्हीही ठेवा.

तरी तुम्ही या, नाहीतर हे विमानात चढायचे नाहीत. पहाटे उठायची गरज नाही, फक्त फोन कणगीतून काढून उशाशी ठेवा. हे तिकडून रोज पावणेसहाला विचारतील. दिवा लागला, म्हणून सांगा. आणि एखाद्या दिवशी यांचा फोन आलाच नाही, तर तुम्ही आपणहून करू नका. त्या दिवशी आम्ही दोघं पाण्यात असू.