फळीवरचे सात डबे

१० जानेवारी

चढले बाई ट्रकात! पन्नाशीला टेकल्यावर! नागपूरजवळच्या आमच्या वाडीच्या गोदामातून माल भरला, रायपूरला निघालो. चोवीस वर्षांत यांनी एकदाही चल म्हटलं नव्हतं. महिन्यातले चार-पाच दिवस घरी, बाकी रस्ता. लेकीचं, काजलचं लग्न झालं, घरात मी एकटीच भिंतींशी बोलत होते, तर दिवाळीनंतर एके दिवशी हे एकदम म्हणाले, "आता तू चाल माझ्यासंग." नवी साडी नेसून आले. ट्रकात जायला नवी साडी! शेजारची सिंधूताई पोट धरून हसली.

हसू दे. मला बोलावलं आहे माझ्या नवऱ्यानं.

११ जानेवारी

गाडीत स्वयंपाक यांचा. छोटा सिलेंडर, एक पातेलं, तवा, आणि सीटमागच्या फळीवर ओळीनं सात डबे. सगळे एकसारखे, झाकणं तेलकट. मला हात लावू देत नाहीत. "घरी तू, गाडीत मी."

काल वांग्याची भाजी केली. न पाहता करतात! तेल तापलं की नाही ते कानानं ओळखतात. डाळीतले खडे बोटांनी वेचतात. मी आपली पाहतच राहिले. इतकी वर्षं वाटायचं, हे ढाब्यावर जेवत असतील.

दिवे लागायच्या आत एखाद्या पंपावर गाडी लावतात. बाकीचे ड्रायवर रात्रभर पळवतात. विचारलं तर म्हणे, तू आहेस ना सोबत, तुला झोप नको का? आणि मला समोरच्या काचेशी उजेडाकडे तोंड करून बसवतात, अन् जेवताना एकटक पाहतात. म्हटलं, काय पाहून राहिले जी? "जेव तू." लाजच वाटली मला! या वयात!

१३ जानेवारी

रायपूर. परतीचा माल मिळेना, दिवसभर बसून. हे आंघोळीला गेले तेव्हा सातही डबे घासून पुसून लख्ख केले अन् घरच्यासारखे मांडले - आधी मीठ, मग तिखट, मग हळद. खुश होतील म्हटलं.

संध्याकाळी भाजीत हळदीच्या जागी दोन चमचे तिखट! डोळ्यांतून पाणी. मी म्हटलं, लक्ष कुठं आहे? तर चिडले. मग एकेक डबा उघडून, वास घेऊन, सगळे परत जुन्या जागी लावले. पुरुषांच्या सवयी!

१५ जानेवारी

संक्रांत. परतीच्या वाटेवर, देवरीजवळ ट्रकातच तिळगूळ दिला एकमेकांना. सुखात आहे मी.

१८ जानेवारी

झोप येत नाही, म्हणून लिहायला बसले.

हैदराबादचा माल आहे. हिंगणघाट सोडलं. दुपारची वेळ, लख्ख ऊन. डावीकडून एक मोटरसायकल रस्त्यावर आली - पुढे माणूस, मागे बाई, तिच्या मांडीवर लेकरू. मला केव्हाची दिसत होती. वाटलं, यांनाही दिसत असेल. यांचा पाय काही ब्रेकवर जाईना. मी किंचाळले तेव्हा गेला. लेकराचं लाल टोपरं मला बॉनेटच्या अगदी खाली दिसलं. ते लोक शिव्या देत निघून गेले. हे घामानं भिजलेले. म्हणाले, झोप लागली जरा.

झोप नव्हती. डोळे उघडे होते. मी पाहिले ना!

१९ जानेवारी

पांढरकवड्याच्या पुढे, पंपावर. आज मुद्दाम केलं. लिहितानाही वाईट वाटतं. चहाची पत्ती अन् हळद, दोन डब्यांची जागा बदलून ठेवली आणि गप्प बसले.

पाचची वेळ, केबिनमध्ये थोडा अंधार. यांनी पाणी ठेवलं, साखर टाकली, मग दोन चमचे हळद. पातेल्याकडे वाकून पाहिलं. पिवळं पाणी उकळतं आहे अन् हे वाट पाहत आहेत. मला म्हणाले, "रंग आला का, पाह्य बरं."

मी म्हटलं, आला.

ते झोपल्यावर लायसनची थैली उघडली. नागपूरच्या डोळ्याच्या डॉक्टरचा कागद निघाला. साखरेच्या आजारामुळे दोन्ही डोळ्यांचे पडदे खराब, गाडी चालवू नये. तारीख वाचली. मला चल म्हणायच्या चारच दिवस आधीची!

म्हणजे असं आहे तर. मला वाटलं, सोबत पाहिजे. पाहिजे होते डोळे. फुकटचा क्लीनर. अन् मी साडी नेसून आले, खुळी कुठली!

२० जानेवारी

सकाळी कागद समोर धरला. "तुम्हाले दिसत नाही ना जी?"

 म्हणाले, आणखी सहाच महिने चालवतो. डोळ्यांत सुई घेऊन राहिलो, फरक पडंल. दुसरं काय येतं मले? अन् रस्ता तर पाठ आहे, डोळे बांधून नेईन.

मी म्हटलं, रस्ता पाठ असंल. रस्त्यावरची माणसं पाठ नसतात. त्या लेकराले पाहिलं तुम्ही? पाहिलंच नाही तर काय सांगू!

तरी ऐकेनात. म्हणे, माल पोहोचवू दे, मग पाहू. मी बाई माणूस, परमुलखात, यांना अडवू कशी? हे तोंड धुवायला उतरले तशी चावी काढली अन् कणकेच्या डब्यात खोल पुरली. यांनी सगळी गाडी धुंडाळली. मी शपथेवर खोटं बोलले. दिवसभर गाडी जागेवर. दोघंही उपाशी.

संध्याकाळी हे उठले. कणकेचा डबा घेतला. गाडीत पोळ्या हेच करतात, विसरलेच होते मी! हात आत गेला आणि थांबला.

चावी बाहेर काढली. मला वाटलं आता आरडाओरडा, आता इंजिन सुरू. पण शर्टाला नीट पुसली, कडेकडेची कणीक नखानं काढली आणि माझ्या हातात दिली.

"भैय्याजीले फोन लाव. मले नंबर दिसत नाही."

भैय्याजी म्हणजे मालक. मी लावला. यांनीच सांगितलं सगळं. मग पोळ्या केल्या, माझ्याकडे पाठ करून.

२१ जानेवारी

दुसरा ड्रायवर आला, गाडी घेऊन गेला. आम्ही एसटीनं परत. मांडीवर पिशवी, पिशवीत सात डबे. वाडी येईपर्यंत यांनी पिशवी सोडली नाही.

९ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही. आहे तेही जाईल, पुढे उजेड-अंधार कळेल, तेवढंच. हे नुसते दारातल्या ओट्यावर बसून असतात. ट्रकचा हॉर्न ऐकला की मान वळवतात. माझाही राग जात नाही. कोणावर रागवावं तेच कळत नाही.

२ मार्च

घरच्या फळीवरचे माझे डबे काढले. ट्रकातले सात मांडले, यांच्या क्रमानं. हात धरून एकदा दाखवले. आज भाजी यांनी केली, मी पोळ्या.

तव्याशी उभ्या उभ्या विचारलंच, दीड महिना मनात ठेवलेलं. डोळेच पाहिजे होते तर एखादा क्लीनर नाही का घ्यायचा? मले काहून नेलं?

भाजी हलवत राहिले. मग म्हणाले, "रस्ता पाठ होता वं. तुलेच पाहायचं राहिलं होतं."

पोळी करपली. तीच खाल्ली दोघांनी.