आयुक्तपद आणि वाटाण्याचं सूप

९ जानेवारी, शुक्रवार
ठरलं. या वर्षी लष्कर-आयुक्त व्हायचंच. शिपायानं वरिष्ठांना डावलून ज्याच्याकडे थेट गाऱ्हाणं न्यावं असा जर्मनीत एकच माणूस, तो हा. संसदेच्या संरक्षण कमिटीत बसून माझे केस गेले. आता मी नाही तर कोण? शिवाय पुढच्या निवडणुकीसाठी पक्षाच्या यादीत माझं नाव इतकं खाली गेलंय की वाचणारा तिथवर येईस्तोवर जेवायला उठेल. म्हणजे हे पद हुकलं तर संपलोच. पण हुकणार नाही.

संध्याकाळी फ्राउके आली. माझी लेक, हाइडेरोडेच्या छावणीत सार्जंट. दर शुक्रवारी न चुकता घरी येते. बापाची ओढ! आल्या आल्या टॉवेल घेऊन बाथरूममध्ये शिरली. तासभर. मी दाराबाहेर उभा राहून सगळी योजना सांगितली. शॉवरच्या आवाजात उत्तर ऐकू आलं नाही, पण उत्साह जाणवला.

१२ जानेवारी, सोमवार
संकल्प : रोज पळायला जाणे. कमी बोलणे. पक्षाचे गटनेते ट्योल्के यांच्या जोक्सना हसणे.
ट्योल्केंना लिफ्टपाशी गाठलं. म्हणाले, बघू या, डिर्केस. म्हणजे होच! नाही म्हणायचं असतं तर आमच्यात तोंडावर नाही म्हणतात.
पळायला गेलो नाही. बर्फ होतं.

१५ जानेवारी, गुरुवार
हाइडेरोडेची पाहणी. कर्नल रेडेकर गेटवर हजर. काय टापटीप छावणी! भिंती इतक्या ताज्या रंगवलेल्या की कोटाला पांढरा पट्टा उठला. एका शिपायाला विचारलं, काही त्रास? त्यानं कर्नलकडे पाहिलं आणि म्हणाला, काही नाही साहेब. नहाणीघर बघायचं होतं. कर्नल म्हणाले, आधी सूप घ्या, गार होतंय. फौजेच्या कढईतलं वाटाण्याचं सूप, वर सॉसेज. दोन थाळ्या चापल्या. नहाणीघर राहिलं. पण असं सूप मिळतंय म्हणजे बाकी सगळं ठीकच असणार.

१६ जानेवारी, शुक्रवार
फ्राउके ओल्या केसांनी जेवायला बसली. म्हणाली, पप्पा, आमच्या इमारतीत पानगळीपासून गरम पाणी नाहीये. पोरं बर्फासारख्या पाण्यानं अंघोळ करतात. कर्नल वर कळवून कळवून थकले, कोणी हलत नाही. तू येणार म्हटलं की वरून रंगाचे डबे येतात, बॉयलर येत नाही. एकदा न सांगता ये ना!
मी म्हटलं, अगं, मी स्वतः डोळ्यांनी पाहून आलो.
गेझिने, माझी बायको, म्हणाली, तुझा बाप थाळी पाहून आला.
या घरात माझी कदर नाही.

२८ जानेवारी, बुधवार
कमिटीत भाषण. हाइडेरोडे ही नमुनेदार छावणी आहे, मी जातीनं पाहिलंय, असं ठणकावून सांगितलं. कमिटीनं तिथल्या बॉयलरचं काम लगेच पुढच्या वर्षावर ढकललं. सरकारची बचत! ट्योल्केंनी मान हलवली. झोपेतही असतील, पण हलवली.
फ्राउकेला हे सांगायची घाई नको.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
लेकीचं ऐकलं. अचानक भेट! फक्त तिथल्या पेपरला कळवलं, फोटो हवा म्हणून. आणि कर्नलना, शिष्टाचार म्हणून. दुपारी तीनला पोचलो. छावणीत चिटपाखरू नाही. गेटवर एकटा पहारेकरी सँडविच खातोय. नहाणीघराला कुलूप. सूप नाही. रिकाम्या मैदानात एकट्याचा फोटो काढून घेतला.
घरी आलो तर फ्राउके बाथरूममध्ये. दाराआडून ओरडली, पप्पा, शुक्रवारी दुपारी छावणीत कोण असतं रे? शेंबडं पोरसुद्धा सांगेल!
आयुक्त झालो की शुक्रवारचं काहीतरी करतोच.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
ट्योल्केंनी मार्लीस ह्युनेकेचं नाव जाहीर केलं. ह्युनेके! औषधांचं दुकान चालवायची बाई. जन्मात रणगाड्यात बसली नाही. ट्योल्के म्हणाले, मनाला लावून घेऊ नका, डिर्केस. मग कुठे लावू?
संसदेच्या टॉयलेटमध्ये दार लावून बसलो. रडलो. सर्दीही होती, पण रडलोच.
अजून आशा आहे. आयुक्त संसद निवडते आणि मतदान गुप्त असतं. लोकांच्या मनात मीच असणार.

२६ फेब्रुवारी, गुरुवार
ह्युनेके दणदणीत मतांनी निवडून आली. मी विरोधात मत दिलं. बाहेर येऊन सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या, कारण ट्योल्के बघत होते.

३ मार्च, मंगळवार
सकाळी ह्युनेके कोणालाही न सांगता हाइडेरोडेला गेली. सूप नको म्हणाली. सरळ नहाणीघरात, नळ सोडून हात धरला पाण्याखाली. रात्री टीव्हीवर तो लालबुंद हात. मागे कर्नल उभे, तोंडावर सुटकेचा भाव. मग आमची फ्राउके! पत्रकारानं विचारलं, तुमचे वडील तर संरक्षण कमिटीत, त्यांना नाही सांगितलंत? ती म्हणाली, सांगितलं होतं. ते सूप पिऊन गेले.
ट्योल्केंचा फोन. काही दिवस घरीच राहा म्हणाले.
राहतो. दुसरं काय करू? सगळं गेलं. पण शुक्रवारी फ्राउके येईल. लेक आहे, तिला माझी बाजू समजेल.

६ मार्च, शुक्रवार
फ्राउके आली. अंघोळ केली, जेवली, गेली. मला बोलायचा धीर झाला नाही. पुढच्या शुक्रवारी नक्की.

१३ मार्च, शुक्रवार
संकल्प : भाषण द्यायचं नाही. आपली बाजूही मांडायची नाही. फक्त माफी मागायची आणि तिचं ऐकायचं.
दुपारपासून स्वतः वाटाण्याचं सूप केलं. बाथरूम गरम करून ठेवली. नवा टॉवेल आणला. खिडकीशी उभा राहिलो.
अंधार पडल्यावर गेझिने म्हणाली, वोल्फ्राम, ये जेवायला. फ्राउके येत नाहीये, फोन आला होता.
का? बरी आहे ना?
छान आहे की, म्हणाली. त्यांच्याकडे नवीन बॉयलर बसला परवा. आता गरम पाणी आहे तिथेच.
माझ्यासाठी काही निरोप?
नाही.
टॉवेल घडी करून कपाटात ठेवला. सूप फार झालंय.